देव उजव्या हाताला

उंबर मारुती स्केटिंग मंडळात मुलाला घेऊन नव्याने येणारे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. सकाळचा सराव सगळा एकाच दिशेने चालतो. चौकाच्या मधोमध मारुतीची घुमटी आहे, तिला डाव्या हाताला ठेवून मुले चाकांवर फिरतात. शेवटी शिट्टी होते. मग मुले पायातले स्केट काढतात आणि अनवाणी, मारुतीला उजव्या हाताला ठेवून, चालत फेऱ्या घालतात. त्या वेळी कोणी दंगा करत नाही, हे त्यातले विशेष. पालकांना वाटते, हा काहीतरी अंग मोकळे करण्याचा व्यायाम असावा. चिटणीस म्हणून मला उत्तर द्यावे लागते आणि ते उभ्या उभ्या देता येत नाही. पुढच्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त होतो आहे, चिटणीसपदही सोडणार आहे. तेव्हा हे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे ठरवले. उत्तर म्हणजे आकाराम चौगले या माणसाची हकिगत आहे.

आकाराम वस्ताद कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत जन्मले आणि तिथेच, २००६ साली, गेले. वडील नावाजलेले पैलवान. मुलगा मात्र अंगाने काटकुळा. लाल मातीत उतरायचा, पडायचा, पुन्हा उतरायचा. पडण्यात आकारामचा हात कोणी धरू शकत नाही, असे तालमीत म्हणत. शेवटी कुस्ती सोडून ते उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला लागले. साठच्या दशकात कधीतरी गावात सर्कस आली. लोक वाघ बघायला गेले. आकाराम एका बाईसाठी पुन्हा पुन्हा गेले. गैरसमज नको. ती बाई चाकांच्या बुटांवर नाचायची, एका पायावर भिंगरीसारखी फिरायची, आणि यांचे लक्ष तिच्या चाकांकडे असायचे. एके दिवशी तिचे एक चाक अडकले. यांनी ते कारखान्यात नेऊन दुरुस्त करून दिले. तिने पैसे देऊ केले ते घेतले नाहीत, तेव्हा तिने तिच्याकडचे, अमेरिकेत छापलेले एक इंग्रजी पुस्तक दिले. त्यात नाचांचे नकाशे होते: कुठे वळायचे, कोणता पाय पुढे, कुठे पाठमोरे व्हायचे. इंग्रजी यांना येत नव्हते. चित्रे समजत होती.

मग स्वतःच सागवानी चाके कातली, चप्पल लाईनमधल्या कारागिराकडून बूट शिवून घेतले आणि फिरायला जागा शोधू लागले. पेठेत गुळगुळीत फरशी एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे तालमीपुढचा चौक. शहाबादी फरशी, मध्ये मारुती, कडेला उंबर. तालमीचे वस्ताद तेव्हा गणपतराव होते. त्यांच्यासमोर उभे राहून आकारामनी परवानगी मागितली, तो प्रसंग मी त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकला.

"नाचनार हाईस तू? तालमीच्या दारात?"

"नाच न्हवं वस्ताद, तोल हाय सगळा. कुस्तीत बी तोलच की."

"कुस्तीत तुझा तोल बघितलाय आमी."

आजूबाजूचे हसले. गणपतराव हसले नाहीत. या पोराने पडून पडूनही कधी तालीम चुकवली नव्हती, हे त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, "फिर. पर मारुती उजव्या हाताला ऱ्हायला पायजे. देवाला उलटा फेरा घातलेला मला चालायचा न्हाई. ज्या दिवशी घालशील, त्या दिवशी तुझी चाकं पंचगंगेत."

आकारामनी पायाला हात लावून शब्द दिला. मंडळाची सुरुवात ही अशी झाली.

मंडळाचे सगळे वळणच त्यामुळे तालमीचे पडले. फरशीवर पाय ठेवण्यापूर्वी हात टेकवून कपाळाला लावायचा. पहिला आठवडा फक्त पडायला शिकायचे. कसे पडायचे, हात कुठे ठेवायचा, रडायचे असेल तर कडेला जाऊन रडायचे. शिकवणाऱ्याला सर म्हणायचे नाही, वस्ताद म्हणायचे. उन्हाळी वर्गाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना थंडाई. हनुमान जयंतीला वार्षिक कार्यक्रम, त्यात लहान मुलांची साखळी, मोठ्यांच्या चकऱ्या आणि जोडीचे नाच. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत तर आमची मुले बघायला दुतर्फा गर्दी व्हायची. माझी मुलगी सुष्मिता १९९३ साली उन्हाळी वर्गाला गेली आणि मी कडेला बसू लागलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सहकारी संस्थेत हिशेबाच्या खात्यात नोकरी, अक्षर बरे. दोन वर्षांत चिटणीस झालो. सुष्मिताने नंतर स्केटिंग सोडले. माझे सुटले नाही.

आमचे मंडळ तोवर गावाबाहेर कुठल्या स्पर्धेला गेलेच नव्हते. जावे, असा आग्रह मी धरला, तो विद्याश्रीकडे बघून. विद्याश्री ही शिवाप्पा पट्टणशेट्टींची मुलगी. शिवाप्पा मूळचे गडहिंग्लजचे, मिरचीचे व्यापारी, मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात राहायला आलेले. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून वस्तादांकडे होती. तिच्यासारखी वळणारी मुलगी मी पाहिली नाही. वळताना फरशीचा आवाजसुद्धा बदलायचा नाही. वस्तादांनी त्या पुस्तकातले सगळे नाच तिच्या पायात उतरवले होते.

१९९९ साली आम्ही राज्य स्पर्धेसाठी पुण्याला गेलो. वस्ताद, विद्याश्री, तिचे वडील आणि मी. तिथे आधी सगळ्या स्पर्धक मुलींना एकदम मोकळे फिरायला सोडले. बाकीच्या साऱ्या डावीकडे वळत एका दिशेने निघाल्या आणि आमची विद्याश्री समोरून. एक मुलगी कशीबशी बाजूला झाली. शिट्टी वाजली. विद्याश्री कडेला येऊन थांबली. तिला वाटले, त्याच सगळ्या चुकत आहेत.

नेमून दिलेल्या नाचाची तिची पाळी आली तेव्हा मात्र ती एकटीच होती आणि सुरेख फिरली. टाळ्याही झाल्या. फलकावर तिच्या नावापुढे काहीच लागले नाही. आम्ही परीक्षकांकडे गेलो. त्यातल्या एक बाई सभ्यपणे बोलल्या. "तुमची मुलगी फार छान आहे. पण हा नाच तिनं उलट्या दिशेनं घातला. नेमून दिलेल्या नाचात दिशा बदलता येत नाही. आम्हाला गुणच देता येत नाहीत."

"उलटा?" वस्ताद म्हणाले. "आवो बाई, सुलटा हाय त्यो. देव उजव्या हाताला."

"इथं देव कुठं आहे?"

वस्तादांनी मैदानाच्या मध्यभागी बघितले. तिथे नुसता सिमेंटचा कोबा होता. 

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. मग मला म्हणाले, "पुस्तकात बाण हुता. डावीकडंच हुता. मी बघितलावता."

"मग?"

"मला वाटलं, त्यांच्या मुलखात गाड्या बी दुसऱ्या अंगानं चालत्यात, तशी ही बी त्यांची पद्धत आसंल. आपल्याकडं आपली."

मागच्या बाकावरून शिवाप्पा बोलले. ते चिडलेले नव्हते, पण व्यापारी होते. "आकारामअण्णा, मिरचीचं पोतं पुण्याला पाठवलं आन् कुणी तोलायच्या आत परत आलं, आसं झालं हे. दर कमी आला आसता तर मी समजलो आसतो. तोललंच न्हाई!" मग मुलीकडे वळून कानडीतल्या लाडाच्या हाकेने म्हणाले, "अव्वा, आजून एक वर्स. त्या टायमाला बी कोराच फलक आला, तर चाकं खुंटीला आन् तू अभ्यासाला. ह्यो माझा शब्द."

विद्याश्रीने मान डोलावली. वर्षभरात तिला सगळे नाच दुसऱ्या दिशेने बसवायला हवे होते. आणि आमच्या चौकात ती दिशा बंद होती.

पुढचे दोन महिने आम्ही मार्ग शोधण्यात घालवले. एका मंगल कार्यालयाचे सभागृह सकाळी मिळाले, पण तिथली फरशी आरशासारखी घोटलेली. दुसऱ्याच वळणाला विद्याश्री घसरली, मनगट सुजले, आणि चाकांचे ओरखडे बघून कार्यालयाच्या मालकांनी आम्हाला हात जोडले. एका शाळेचे मैदान मुरमाचे निघाले. तालमीशेजारी गुंडूचे सायकलचे दुकान होते. मंडळाची सगळी चाके-बेअरिंग तोच बघायचा आणि सल्लाही न मागता द्यायचा. तो म्हणाला, "वस्ताद, मारुतीला दोन तास पडदा लावूया. त्याला काय दिसनार हाय?"

"त्याला न्हाई दिसलं तर मला दिसंल की लेका."

"मग मारुतीलाच उचलून कडंला ठेवूया."

"तुलाच उचलून ठेवतो."

मी माझ्या पद्धतीने सांगून बघितले. "वस्ताद, गणपतराव आज असते तर त्यांनीच परवानगी दिली असती."

"आस्तं तर इचारलं आस्तं," वस्ताद म्हणाले. "न्हाईत, म्हणून तर मोडता येत न्हाई."

 

विद्याश्री रोज येत होती आणि रोज जुन्या दिशेनेच फिरत होती. एवढी मेहनत वाया चालली आहे, हे तिला, वस्तादांना आणि कडेला बसलेल्या मला, तिघांनाही कळत होते. एके दिवशी ती स्केट बांधून फरशीच्या कडेला, मारुती डाव्या हाताला येईल असे तोंड करून उभी राहिली आणि हललीच नाही. मागची मुले खोळंबली.

"काय झालं गं?" वस्तादांनी विचारले.

"वस्ताद, तुम्ही न्हाई म्हणा."

"आँ?"

"एकदा तोंडानं न्हाई म्हणा. मग मी उद्यापास्नं येत न्हाई. अप्पांना बी सांगते. पर तुम्ही न्हाई बी म्हणत न्हाई आन् हो बी म्हणत न्हाई. मी कुठल्या अंगाला वळू?"

एवढे बोलून तिला रडू आले, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे ती कडेला जाऊन रडली. वस्तादांनी त्या दिवशी सराव लवकर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओले होते. हातात एक पितळी ताट आणि पिशवीभर चिंचोके. ताट त्यांनी घुमटीच्या पायरीवर ठेवले.

"पोरी, चाकं बांध. आन् डावीकडनं निघ."

गुंडू दुकानातून हातात पंप घेऊन बाहेर आला. मी विचारले, "वस्ताद, शब्द?"

"शब्द काय हुता? उलटा फेरा घालशील त्या दिवशी चाकं पंचगंगेत. सकाळीच टाकून आलो."

"कुणाची?"

"माझी. दुसऱ्या कुणाची टाकनार?"

त्यांची ती पहिली सागवानी चाके, स्वतः कातलेली, घरात देवघराशेजारी खिळ्याला टांगलेली असायची. नवी मुले मुद्दाम बघायला जायची. ती त्यांनी घाटावरून पाण्यात सोडली होती. गुंडूने पंप खाली ठेवला.

"ते झालं शब्दाचं," वस्ताद पुढे म्हणाले. "आता फेऱ्याचं. दोराला उलटा पीळ बसला तर तेवढाच सुलटा द्यायचा, दोर सरळ. ही जेवढं उलटं फिरंल, तेवढं मी सुलटं फिरनार. गुंडू, हिच्या फेऱ्याला एक चिंचोका ताटात टाकायचा. हातचलाखी करायची न्हाई."

विद्याश्री निघाली. आयुष्यात मी तिला एवढे वाईट फिरताना पाहिले नव्हते. इतकी वर्षे डावा पाय उजव्यावरून टाकायची सवय. आता उजवा डाव्यावरून टाकायचा. ती म्हणाली, "स्वतःच्याच घरात मागल्या दारानं शिरल्यागत वाटतंय." दोनदा पडली. पडणे मात्र अगदी तालमीतले, व्यवस्थित.

सराव संपल्यावर वस्तादांनी चपला काढल्या आणि काठी टेकत मारुतीला उजवी घालू लागले. फेरी झाली की ताटातला एक चिंचोका उचलून पिशवीत टाकायचा. अडचण अशी, की ती चाकांवर होती आणि हे पायांवर, तेही गुडघा कामातून गेलेल्या पायांवर. ती तासाभरात घालायची ते उरकायला यांना दुपार व्हायची. कारखान्यातून ते निवृत्त झाले होते म्हणून निभावले. त्यांच्या पत्नी धोंडुबाई जेवणाचा डबा घेऊन चौकात यायच्या आणि घुमटीच्या पायरीवर बसून ऐकवायच्या, "जल्मात कधी मला देवळात न्यायला सवड झाली न्हाई. आता बघा, रोजची परदक्षिणा! मारुती बी म्हनत आसंल, आता पुरं कर बाबा."

"तू चिंचोकं मोज. गुंड्यानं जास्त टाकल्यात."

"कमीच टाकल्यात. मी सांगितलंवतं त्याला."

यावरून मग गुंडूची चांगलीच हजेरी घेतली गेली आणि काढलेले चिंचोके परत ताटात आले.

पावसाळ्यात चौकात ओल असायची, सराव कमी व्हायचा, तेवढीच त्यांच्या गुडघ्याला उसंत. दिवाळीनंतर विद्याश्रीचे पाय नव्या दिशेला रुळले आणि ती पूर्वीसारखी, आवाज न करता, फिरू लागली. तसा ताटातला ढीग वाढला आणि वस्तादांचा पाय सुजू लागला. एके दिवशी सराव संपल्यावर ते उठले, तर विद्याश्री स्केट काढून, अनवाणी, त्यांच्या पुढे चालू लागली. तिच्यामागे दुसरी एक मुलगी. मग सगळीच.

वस्ताद ओरडले, "ए, थांबा! शब्द माझा हाय, तुमी कशाला फिरताय?"

"फेरं माझं हाईत," विद्याश्री न थांबता म्हणाली.

"ह्यांचं काय? ह्ये तर सुलटंच फिरत्यात आजून!"

"त्यांना बी शिकायचंय की उलटं. आधीच भरून ठेवत्यात."

वस्ताद काठीवर भार देऊन उभे राहिले. मग रांगेच्या शेवटी लागले. त्या दिवसापासून ताट लवकर रिकामे होऊ लागले. त्या दिवशी शिवाप्पा मुलीला न्यायला आले होते. ते बराच वेळ चौकाच्या तोंडाशी उभे राहिले. मला त्यांनी एवढेच विचारले, "हे रोज करतोय म्हातारा?" मी हो म्हणालो.

२००० सालची स्पर्धा पुन्हा पुण्यातच होती. निघण्याच्या आदल्या दिवशी वस्तादांनी सांगितले, "मी येत न्हाई."

मी चमकलो. "अहो, वर्षभर केलं ते कशासाठी?"

"पोरगी तिथं उलटं फिरनार. मग हितं सुलटं कोन फिरनार?"

"वस्ताद, पुण्याच्या मैदानात मारुती नाही."

"तिथं न्हाई. हितं हाय की."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. विद्याश्री त्यांच्या पाया पडली, आणि आम्ही तिघे गेलो.

मोकळे फिरायला सोडले तेव्हा ती बाकीच्या मुलींबरोबर, त्यांच्याच दिशेने निघाली. शिवाप्पांनी माझा दंड धरला होता, तो नाच संपेपर्यंत सोडला नाही. नाच झाला. फलकाकडे बघायचे धाडस आम्हा दोघांनाही होईना. शेवटी मी बघितले. तिच्या नावापुढे आकडे होते.

सगळ्यांचे झाल्यावर क्रमांक लागले. विद्याश्री चौथी आली होती. पदक तिघींनाच.

"चवथी," शिवाप्पा म्हणाले. "आन् म्हागच्या वर्सी कितवी हुती?"

"मागच्या वर्षी नंबरच नव्हता."

"मग बरं की." ते मुलीकडे वळले. ती बूट सोडत समोर बसली होती, मान खाली घालून. "अव्वा, तोलून घेतलं त्येनी. दर आलाय. पुढच्या वर्सी बी हितंच आसतंय का दुसऱ्या गावाला? आधी सांगा बाबा, हंगामात मला दुकान सोडता येत न्हाई."

विद्याश्रीने मान वर केली. पुढे ती आणखी सहा वर्षे स्पर्धांत फिरली आणि आज आमची सकाळची तुकडी तीच शिकवते.

मी मैदानाबाहेरच्या बूथवरून गुंडूच्या दुकानात फोन लावला. वस्तादांच्या घरी फोन नव्हता. गुंडूने उचलला आणि मी काही बोलायच्या आत सुरू झाला, "आवो सायेब, लवकर सांगा काय ते. म्हातारा सकाळधरनं फिरतोय. जेवला न्हाई. धोंडुबाई बोलून बोलून दमली. म्हनतोय, तिकडं कवा नाच हाय मला काय ठावं, मधीच थांबलो आन् तवाच तिची पाळी आली तर?"

"त्यांना बोलाव."

फोनवर सायकलच्या घंटीचा, काठीचा आणि मग दम लागल्याचा आवाज आला.

"कुठल्या अंगानं फिरली?" वस्तादांनी विचारले.

"डाव्या. सगळा नाच बरोबर दिशेनं."

"पडली?"

"नाही."

"गुण दिलं?"

"दिले. फलकावर लागले. चौथी आली."

"आन् शिवाप्पा?"

"पुढच्या वर्षीची स्पर्धा कुठं आहे, विचारतायत."

मग वस्ताद म्हणाले, "आज आजून फिरायचंय का तिला?"

"नाही वस्ताद. आजचं संपलं."

"बघा हां. नक्की न्हवं?"

"नक्की."

"मग मी बसू का आता?"

"बसा," मी म्हणालो.

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने गुंडूने तो उचलला.

"बसला," तो म्हणाला. "मारुतीच्या पायरीवर. चा मागतोय."